मदत हवी आहे: लाइव्ह स्कॅन झालंय, तरी पुन्हा ठसे का मागतायत?

मुग्धा_स: घाईत लिहितेय. सबस्टिट्यूट टीचरच्या परमिटचा अर्ज अडकलाय. म्हणे ठसे मिळाले नाहीत. मी लाइव्ह स्कॅन (मशीनवर डिजिटल ठसे) केव्हाच केलंय, पावती आहे! फोन कुठे करू? सोमवारच्या आत हवंय. माहीत असेल त्यांनीच लिहा.

खारे_दाणे: राज्य कोणतं? ठसे नक्की कशासाठी दिले होते?

जर्सीकर: पुन्हा द्यायची गरजच नाही. बायकोने शाळा बदलली तेव्हा जुनेच ठसे चालले. 'आर्काइव्ह'चा अर्ज ऑनलाइन भरायचा, संपलं.

खारे_दाणे: ते न्यू जर्सीत हो. लाइव्ह स्कॅन म्हणतायत म्हणजे बहुतेक कॅलिफोर्निया.

नाना_बेएरिया: भारतातलं पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, आधी काढून ठेवा. आम्हाला ग्रीनकार्डाच्या वेळी लागलं होतं.

खारे_दाणे: नाना, ते मागितलंय कोणी?

नाना_बेएरिया: मागतील तेव्हा तुम्ही जाणार का वकिलातीत?

वकीलसाहेब: जुनी डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याची केस) वगैरे असेल तर अर्जात लिहाच. कोर्टाने नंतर केस डिसमिस केली असली तरी कॅलिफोर्नियात सांगावी लागते. लपवलेलं जास्त महागात पडतं.

मुग्धा_स: माझी कसलीही केस नाही!! कॅलिफोर्नियाच. मुलाच्या शाळेत व्हॉलंटियर व्हायला ठसे दिले होते. डीओजे (राज्याचं न्याय खातं) तेच, एफबीआय तेच, बोटं माझीच. मग?

चिंचगूळ: इथेच अडलंय. ठशांवरून काढलेला गुन्ह्यांच्या नोंदींचा रिपोर्ट फक्त फॉर्मवर जिचं नाव असतं त्या संस्थेला जातो. ती तो दुसरीला देऊ शकत नाही. पुढे कधी अटक झाली तर डीओजे त्या-त्या संस्थेला कळवतं, म्हणून प्रत्येकीची नोंद वेगळी. परमिट देणार सीटीसी, म्हणजे राज्याचं शिक्षक-परवान्यांचं मंडळ, तेव्हा त्यांच्या साइटवरचा ४१-एलएस फॉर्म घ्या, तीन प्रती काढा आणि पुन्हा ठसे द्या. डीओजेचे ३२ डॉलर, एफबीआयचे १७, वर ठसे घेणाऱ्याचे काय असतील ते. एटीआय नंबर (ठसे दिल्यावर मिळणारा नोंद क्रमांक) जपून ठेवा, डीओजेच्या साइटवर त्यावरून कळतं कुठवर आलंय. स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीला लागलात की तेही पुन्हा घेतील, तेव्हा चिडू नका :)

जर्सीकर: निव्वळ पैसे उकळणं आहे हे. आमचं सरकार बरं म्हणायचं.

चिंचगूळ: तुमच्याकडे राज्याचं शिक्षण खातंच तपासतं, म्हणून जमतं. इथे तसं नाही.

पुणेरी_मास्तर: तुम्ही ४९ डॉलरला रडताय. इकडे बदलापूरचं प्रकरण झालं ऑगस्ट २०२४ मध्ये, तेव्हा कुठे सरकारला शाळेतल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आठवली.

खारे_दाणे: मास्तर, वेगळा धागा काढा, मोठा विषय आहे.

मुग्धा_स: बरं, देते पुन्हा. आणि परवाच मेंदी काढलीये, बोटांच्या टोकांपर्यंत. चालेल?

चिंचगूळ: उतरल्यावर जा. ठसा वाचता आला नाही तर परत बोलावतात. दोनदा नाकारला गेला तर नावावरून तपासायची विनंती करावी लागते, त्यात आणखी वेळ. सोमवार विसरा.

नाना_बेएरिया: तेवढ्यात पीसीसी होईल बघा.

जर्सीकर: सबला तिकडे दिवसाचे किती देतात हो?