रत्नागिरी: नव्या संकुलात खाणावळीसाठी गाळा घ्यावा का?

प्रश्न:
आई आणि मी घरून डबे देतो. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. शनिवारी उकडीचे मोदक. शहरात नवं उंची संकुल होतंय, वर फ्लॅट, खाली दुकानं. बेकरी, कॅफे, सलून ठरलेत म्हणे. एक गाळा भाड्याने मिळतोय. मला मनापासून घ्यायचाय, कारण आईच्या हातचं गरम ताटात वाढावं असं फार वाटतं. पण वरच्यांना मासे तळल्याचा वास चालेल का? आधी काय बघू?

प्रतिसाद १:
ताई, आधी धुराचा डक्ट गच्चीपर्यंत नेता येतो का, ते मंजूर नकाशात बघा. नुसता एक्झॉस्ट मागच्या भिंतीतून काढलात तर पहिल्या मजल्याच्या खिडकीतच धूर. तोंडी 'होईल हो' ऐकू नका, करारात लिहून घ्या. ग्रीज ट्रॅपलाही (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी) जागा हवी.

प्रतिसाद २:
भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला मिळालेली अधिकृत परवानगी) बघितल्याशिवाय अनामत देऊ नका. प्रकल्पाची माहिती महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर मिळते. लीव्ह-लायसन्स करार नोंदवाच. मालक भाड्यावर १८ टक्के जीएसटी लावणार असेल तर तो तुमचा खर्चच धरा. गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेणाऱ्या हॉटेलला, भाड्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही.

प्रतिसाद ३:
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, मागोमाग श्रावण. भाडं मात्र चालूच. त्या महिन्यांत घावणे, वालाचं बिरडं, फणसाची भाजी ठेवा.

प्रश्नकर्ती:
उद्याच नकाशा मागते. बिरडं आईचं हुकमी आहे!