इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या खेड्यात आठवडाभर राहायचंय, अनुभव सांगाल का?

लीड्सकर
नमस्कार. आई-बाबा पहिल्यांदाच इकडे आलेत. ऑगस्टमध्ये त्यांना आणि दोन्ही मुलांना घेऊन यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर एखाद्या लहान गावात आठवडाभर राहायचा विचार आहे. स्कारबरो नको, गर्दी फार असते. रॉबिन हूड्स बे या गावाचे फोटो बघितल्यापासून मुलांनी तोच हट्ट धरलाय, पण बाबांचे गुडघे दुखतात. तिथे कुणी राहिलंय का? प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, राहिल्यावर काय वाटतं ते सांगा.

खारवारा
मी राहिलेय. नवऱ्याची नोकरी त्या भागात होती, त्यामुळे बरीच वर्षं आमचं बिऱ्हाडच तिथे होतं. लेक तिथेच लहानाची मोठी झाली.

आधी गुडघ्यांचं. वर सपाटीवर नंतरची वस्ती आणि गाड्या लावायची जागा. तिथून खाली पाण्यापर्यंत जुनं गाव, लाल कौलांची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी. मधला रस्ता इतका उभा आहे की पाहुण्यांनी गाडी वरच ठेवायची असते. म्हणून घर वरच बघा. बाबांना रोज खाली-वर करायला लावू नका. त्यांच्यासाठी सिंडर ट्रॅक उत्तम. जवळच्या व्हिटबी शहरापासून स्कारबरोपर्यंतची रेल्वे १८८५ साली सुरू झाली आणि १९६५ साली बंद पडली, तिच्याच जागेवर ही पायवाट आहे. आगगाडीसाठी आखलेली वाट असल्याने चढ सौम्य आहे. पुढच्या रेव्हन्सकार गावाच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला सगळा उपसागर दिसत राहतो.

मुलांना मात्र खालीच ओढ लागेल. ओहोटी लागली की पाण्याखालून खडकांचे कमानदार पट्टे वर येतात, मधल्या डबक्यांत खेकडे, शेवाळ, छोटे मासे. शाळा सुटली की आमची लेक थेट तिथे. तिच्या कोटाच्या खिशात कायम अमोनाइट असायचे, म्हणजे ज्युरासिक काळातल्या समुद्री जीवांचे, शंखासारखा वळसा असलेले जीवाश्म. सुटे पडलेले खुशाल उचलू द्या, पण कड्याच्या पायथ्याशी मुलांना बसू देऊ नका. तो दगड ठिसूळ आहे, न सांगता ढासळतो.

आमच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर बाई राहायच्या. जन्म तिथलाच, नवरा कोबल नावाच्या तिथल्या होडीवर मासेमारी करायचा. त्यांनी मला गॅन्सी विणायला शिकवलं. कोळ्यांचा हा निळा स्वेटर इतका घट्ट विणतात की वारा आत शिरत नाही, आणि त्यावरचे नमुने गावागणिक वेगळे. विणता विणता त्या १८८१ च्या जानेवारीची हकिकत सांगायच्या, आजीकडून ऐकलेली. ‘व्हिजिटर’ नावाचं जहाज उपसागरात बुडालं, खलाशी लहान होडीत अडकले. वादळामुळे व्हिटबीची जीवरक्षक नौका समुद्रमार्गे येईना, तर लोकांनी आणि घोड्यांनी ती सहा मैल बर्फातून जमिनीवरून ओढत आणली आणि त्याच उभ्या रस्त्याने खाली उतरवली. पहिल्या खेपेला वल्ही मोडली. दुसऱ्या खेपेला सहाही जण वाचले. आता त्या रस्त्याने उतरताना मला अजून अंगावर काटा येतो.

त्या बाई गेल्या, घर विकलं गेलं. आता दाराशेजारी किल्लीची आकड्यांची डबी आहे आणि शनिवारी-शनिवारी सुट्टीला भाड्याने राहणारी माणसं बदलतात. जुन्या गावातली कितीतरी घरं अशीच झाली आहेत. हिवाळ्यात संध्याकाळी गल्लीतून जाताना एका खिडकीत दिवा, पुढच्या चारांत अंधार. मला याचं फार वाईट वाटतं. तुम्ही जाऊ नका असं म्हणत नाही, जरूर जा. फक्त सगळं सामान लीड्सहून भरून नेऊ नका. दूध, ब्रेड, मासे तिथेच घ्या. दुकानात दोन शब्द बोला, ते लोक मनापासून बोलतात.

डेव्हनवासी
थोडं अवांतर, दक्षिणेचं. आम्ही दर उन्हाळ्यात डेव्हनमध्ये बीसँड्सला जायचो. मुलं दोरीला बेकनचा तुकडा बांधून खेकडे धरायची, बादलीत बघायची आणि परत पाण्यात सोडायची. यात अख्खी दुपार जायची. तिथून कड्यावरच्या वाटेने हॉलसँड्स गाठता येतं. १८९० च्या दशकात नौदलाच्या गोदीच्या बांधकामासाठी तिथल्या किनाऱ्यासमोरची वाळू-खडी उपसून नेली. किनारा खचला, लाटांना अडवणारं काही उरलं नाही, आणि २६ जानेवारी १९१७ च्या रात्री वादळाने गावच नेलं. माणसं सगळी वाचली. वरून आज नुसत्या भिंती दिसतात. कोळी आधीपासून विरोध करत होते, ते कुणी वेळेवर ऐकलं नाही, हे आठवून राग येतो.

लीड्सकर
खारवारा, मनापासून आभार. घर वरच बघतो. मुलांना पोहायचंही आहे, पाणी कसं असतं? आणि भरतीचं कसं समजायचं?

खारवारा
ऑगस्टमध्येही पाणी थंडच. अंग उबदार ठेवणारा पोहायचा वेटसूट भाड्याने घ्या, नाहीतर मुलं पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर येतील. पोहायला व्हिटबीचा वाळूचा किनारा बरा, उन्हाळ्यात तिथे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं. स्वेटर हवेतच. लीड्सला कडक ऊन असताना तिथे समुद्रावरून धुकं चढतं, तिथले लोक त्याला फ्रेट म्हणतात, आणि दुपारी अचानक गारठा पडतो.

भरतीचं तक्ता बघूनच ठरवा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काही छापील तक्त्यांत ग्रीनिच वेळ असते, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो, ते आधी तपासा. उधाणाच्या दिवसांत पाणी गावाच्या उतारापर्यंत येतं आणि वाळू दिसतच नाही. बॉगल होल या जवळच्या छोट्या खाडीला किनाऱ्याने जायचं असेल तर पाणी उतरत असताना निघा. तिथे हॉस्टेलमध्ये चहा मिळतो. चहा घेताना पाणी चढायला लागलं, तर परत किनाऱ्याने येऊ नका, कड्यावरच्या वाटेने या. आणि कुणी अडकलेलं दिसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं, स्वतः पाण्यात उतरायचं नाही. मुलांनाही हे निघण्याआधी सांगून ठेवा.