लिजिओनेला: पीसीआर पॉझिटिव्ह, प्लेट मात्र कोरी. असं का?

प्लेटवाला:
इमारतीच्या गरम पाण्याच्या लाइनीतले 1 लिटरचे नमुने आहेत; शोधतोय लिजिओनेला, म्हणजे पाण्यात वाढणारा आणि न्यूमोनिया करणारा जंतू. क्यूपीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवून मोजणारी चाचणी; सायकल जितकी उशिराची, तितका डीएनए कमी) लिजिओनेला न्यूमोफिलाचा एमआयपी जीन 32व्या सायकलच्या आसपास येतो, पण जीव्हीपीसी अगारवर (लिजिओनेला वाढवायचं निवडक माध्यम) 10 दिवसांनंतरही एक कॉलनी नाही. 0.2 मायक्रॉनचा पॉलिकार्बोनेट फिल्टर, 10 मिलि पाण्यात व्हॉर्टेक्स (जोरात घुसळणं), त्यातलं 0.1 मिलि प्लेटवर, 36 अंश. चुकतंय कुठे?

गाळणी:
आधी हिशेब. 1 लिटरचं 10 मिलि केलंत, त्यातलं 0.1 मिलि लावलंत, म्हणजे प्लेटवर गेलं मूळ पाण्यातलं जेमतेम 10 मिलि. एक कॉलनी म्हणजे लिटरला 100. इतर जंतू मारायला आम्ल समप्रमाणात मिसळत असाल तर 200, नऊपट घालत असाल तर 1000. कोरी प्लेट म्हणजे 'नाही' नव्हे, 'एवढ्याच्या खाली'. पीसीआरला अख्खा फिल्टर जात असेल तर ही तुलनाच बरोबरीची नाही.

बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट असतं ना? लिटरला 10 टक्के द्रावणाचं 1 मिलि, तेही नमुना भरण्याआधी. नाहीतर लॅबला पोचेपर्यंत क्लोरीन मारतच राहतो.

प्लेटवाला:
थायोसल्फेट असतं. आम्ल पीएच 2.2, 15 मिनिटं. प्रक्रिया न केलेली प्लेट लावत नाही, इतर जंतूंनी भरून जाते.

सिस्टीन:
मग संशय त्या 15 मिनिटांवर. क्लोरीन आणि उष्णतेनं आधीच अर्धमेल्या झालेल्या पेशी तेवढा वेळ तग धरतीलच असं नाही. 5 मिनिटांवर आणा. एकाच नमुन्याच्या तीन प्लेटा लावा: थेट, 50 अंशांवर 30 मिनिटं तापवून, आणि आम्लाची. थेट प्लेटवर गर्दी झाली तर दहापट विरल करून पुन्हा लावा. सोबत लिजिओनेलाचा माहीत असलेला स्ट्रेन त्याच आम्लातून न्या; तोही उगवला नाही तर दोष आम्लाचा किंवा अगारचा.

शिवाय पीसीआर मेलेल्यांचा डीएनएही मोजतो. पीएमए (मेलेल्या पेशींचा डीएनए मोजणीतून वगळणारा रंग) लावून बघा, पण उष्णतेनं मेलेल्या पेशीचं आवरण शाबूत राहिलं तर तेही फसतं.

शॉवरखाली:
नुसतं पाणी कशाला? जंतू मुख्यतः पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात आणि तिथल्या अमीबांत असतात. पाणी सोडण्याआधीच शॉवरच्या तोटीत स्वॅब गोल फिरवा आणि त्याच नळाच्या 5 मिलि पाण्यात ठेवा. थायोसल्फेट इथेही हवं. मग पहिल्या धारेची एक बाटली, दोन मिनिटं वाहू दिल्यावर दुसरी. फक्त पहिली पॉझिटिव्ह आली तर घर तोटीत; दोन्ही आल्या तर टाकी किंवा मुख्य लाइन. तोटी उघडताना एन95 मास्क लावा, तुषार नाकात जातात.

काचेच्या चुऱ्यासारखी दिसणारी कॉलनी मिळाली की सिस्टीन (लिजिओनेलाला वाढायला लागणारं अमिनो आम्ल) असलेल्या आणि नसलेल्या बीसीवायई अगारवर रेघा ओढा. दोन्हींवर उगवली तर ती लिजिओनेला नाही.