दाखला नाही, आधार नाही. दिवाळीनंतर मुलीला शाळेत कसं घालू? (कात्रज-कोंढवा रस्ता)

स्टोअरकीपर_येवलेवाडी

नमस्कार. मी येवलेवाडीच्या पुढे एका साइटवर स्टोअर सांभाळतो. मागे लेबर कँप आहे, पत्र्याच्या २२ खोल्या. दसऱ्यानंतर नांदेडच्या मुखेडकडची कामगारांची एक टोळी आली, सोबत शाळेच्या वयाची अकरा पोरं. आईबाप सकाळी आठला स्लॅबवर चढतात, पोरं दिवसभर वाळूच्या ढिगावर.

त्यातली एक नऊ वर्षांची. कडेवर सव्वा वर्षाचा भाऊ. परवा माझ्या स्टोअरच्या पत्र्यावर विटेच्या तुकड्यानं अंक लिहीत होती. २७, २८, २९ आणि पुढे २०१०. मी ते पुसून ३० करून दाखवलं. मग तिनं न थांबता ३९ पर्यंत लिहिलं, जरा थबकली, माझ्याकडे बघितलं आणि ४० लिहिलं. "गावाकडं तिसरी झाली माझी," म्हणाली.

सोमवारी तिच्या वडिलांना घेऊन जवळच्या एका शाळेत गेलो. दाखला नाही, आधार गावी राहिलंय, तर आता जूनमध्ये या, असं सांगितलं. वडिलांची त्या दिवसाची हजेरी बुडाली ती वेगळीच. जूनपर्यंत ही टोळी इथं असणारच नाही. काय करू?

निवृत्त_मुख्याध्यापिका

जूनची वाट बघू नका. मी महापालिकेच्या शाळांमध्ये ३१ वर्षं शिकवलं, म्हणून खात्रीनं सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला यायला उशीर आहे म्हणून थांबवता येत नाही (कलम ५). वयाचा पुरावा नाही म्हणून (कलम १४) किंवा वर्षाच्या मधेच आलं म्हणून (कलम १५) परत पाठवता येत नाही. आधारसाठी शाळेचा प्रवेश अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. आणि तिला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, मागे पडलेलं शाळेनं वेगळं शिकवून भरून काढायचं (कलम ४).

पण जाऊन भांडू नका. साधा अर्ज लिहा, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोहोच मागितली की बहुतेक वेळा तिथंच काम होतं. नाहीच झालं तर तीच प्रत घेऊन महापालिकेच्या शिक्षण विभागात जा. गावच्या गुरुजींना फोन लावा. तिचं नाव अजून तिथल्या पटावर असेल, तिचा विद्यार्थी क्रमांक मिळाला की पुढचं सोपं होतं.

आता खरी अडचण, तो कडेवरचा भाऊ. माझ्याकडे अशा मुली यायच्या. नाव घालायचं, पुस्तकं द्यायची, आठ दिवसांनी गायब. आईबापांनाच पडलेली नाही, असं मला वाटायचं. एकदा शोधत साइटवर गेले. मुलगी खोलीच्या दारात बसून बाळावरच्या माश्या वारत होती. दप्तर आत खिळ्याला टांगलेलं. काढून बघितलं, तर पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, कोपरे नीट दुमडून घातलेलं. तेव्हापासून नाव घालताना मी आधी विचारायचे, बाळ कोण सांभाळणार?

शिवाय तुमचा तो रस्ता. डंपर आणि टँकरमधून नऊ वर्षांच्या पोरीनं एकटीनं जाऊ नयेच. मुकादमाशी बोला. कँपातल्याच एका बाईची पूर्ण हजेरी धरायची, तिनं बाळं सांभाळायची आणि मोठ्यांना शाळेत न्यायचं-आणायचं. मी दोन साइटवर हे करून घेतलं होतं. डोअर स्टेप स्कूल या संस्थेलाही कळवा, त्यांचं पुण्यात काम आहे आणि ते साइटवर जाऊन शिकवतात.

मिस्त्रीचा_मुलगा

दादा, मीही लहानपणी त्या अकरांसारखाच होतो. वडील गवंडी. मुंढवा, वाकड, नऱ्हे, कुठंकुठं राहिलो. कागद नाहीत म्हणून तीनदा पहिलीत बसलो. तिसऱ्यांदा तर माझे गुडघे बाकात मावत नव्हते. नऱ्ह्यात एका गुरुजींनी फळ्यावर भागाकार घातला, मी सोडवला, त्यांनी हात धरून मला थेट चौथीत नेऊन बसवलं. नाहीतर मी आज बिगारीच असतो.

प्रवेशाइतकंच निघतानाचं बघा. टोळी सांगून हलत नाही. काम संपलं की रात्री टेम्पो येतो, सकाळी खोल्या रिकाम्या. शाळेकडून शिक्षण हमी कार्ड (पुढच्या गावच्या शाळेत दाखवायचं) आत्ताच मागून ठेवा. एक फोटो वडिलांच्या मोबाइलमध्ये, एक तुमच्याकडे. आमचे कागद पावसात गेले होते.

वडिलांचे वर्षात ९० दिवस भरले असतील तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून द्या. पहिली ते सातवीला वर्षाला २,५०० रुपये मिळतात, शाळेतली हजेरी ७५ टक्के लागते.

स्टोअरकीपर_येवलेवाडी

बाई, दादा, मनापासून आभार. अर्ज घेऊन परत गेलो, मुखेडच्या गुरुजींशी फोनवर बोलणं करून दिलं. त्यांनी नाव सांगताच मुलीला ओळखलं, "अक्षर छान आहे तिचं" म्हणाले. चौथीत नाव लागलं. आज एकूण सात पोरं गेली, दोघी तापानं पडल्यात, त्या सोमवारी जातील.

मुकादम पूर्ण हजेरीला तयार नाही, अर्धीवर आला. उरलेली अर्धी सध्या मी आणि इंजिनिअर मिळून देतोय. बाळ त्या बाईकडे राहतं. पहिल्या दिवशी फार रडलं, मुलगी दोनदा गेटपासून मागे फिरली.

राहिले दोघं, तेरा वर्षांचे. त्यांना विटा उचलायला घ्यायचं नाही, असं मी मुकादमाला बजावलंय, पण शाळेत यायला ते तयार नाहीत. लहान पोरांत बसायची लाज वाटते म्हणतात. बाई, यांचं कसं करू? आणि टोळी जानेवारीत मोशीला जाणार असं कळतंय, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका. तिकडच्या शाळांत कुणी ओळखीचं आहे का?