नॅनो बोर्डवर पहिला प्रोग्रॅम चढत नाही

प्रश्न: आर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डचा स्वस्त क्लोन (नक्कल) आहे. केबल लावली की दिवा लागतो, पण आयडीईत (कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहून बोर्डवर चढवायचं सॉफ्टवेअर) पोर्टच, म्हणजे बोर्डची जोडणीच, दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतात, म्हणून दिवा लागतो आणि पोर्ट येत नाही. तरीही नाही आला, तर बोर्ड उलटा करून यूएसबीची चिप बघा. सीएच३४० असेल तर विंडोजवर तिचा ड्रायव्हर टाका. लिनक्सच्या कर्नलमध्ये तो असतोच.

प्रश्नकर्ता: केबलच निघाली! आता अपलोड करताना ‘नॉट इन सिंक’ येतंय.

उत्तर २: टूल्समध्ये प्रोसेसर ‘एटीमेगा३२८पी (ओल्ड बूटलोडर)’ निवडा. बऱ्याच क्लोनवर जुना बूटलोडर (अपलोड होणारा प्रोग्रॅम चिपमध्ये उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) असतो. तो ५७,६०० बॉडने (सेकंदाला तेवढे बिट, या वेगाने) बोलतो, नवा १,१५,२०० ने. ० आणि १ नंबरच्या पिनांना काही जोडलं असेल तर तेवढ्यापुरतं काढा, अपलोड त्यांच्यावरूनच होतो.

उत्तर १: ब्लिंक (बोर्डवरचा दिवा उघडझाप करणारा नमुना प्रोग्रॅम) चालला की बाहेरचा एलईडी २२० ओहमच्या रेझिस्टरमधूनच जोडा. पिनच्या ५ व्होल्टपैकी लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. उरलेल्या ३ व्होल्टला २२० ने भागलं की १४ मिलिअँपच्या आसपास. पिनवर २० च्या वर जाऊ नका. मोटर थेट पिनवर तर अजिबात नाही, ट्रान्झिस्टर लागेल.