२ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क विंडोज, मॅक, टीव्ही आणि फोन या सगळ्यांवर चालवायची आहे. फॉरमॅट कोणता ठेवू?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. २.५ इंची, यूएसबी ३ ची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे, सध्या एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट). विंडोज ११ च्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालते. मॅकबुकला लावली की फाइली दिसतात, उघडतातही, पण नवीन काही टाकता येत नाही आणि जुने पुसता येत नाही. शिवाय हॉलमधल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचे आहेत आणि अँड्रॉइड फोनमधले फोटो ओटीजी केबलने थेट डिस्कवर उतरवायचे आहेत. डिस्कवर ८५० जीबी डेटा आहे, त्यात लग्नाच्या व्हिडिओची एकच फाइल ११ जीबीची. दुकानदार म्हणतो, फॅट३२ करा, सगळीकडे चालेल. ते बरोबर आहे का? आणि डेटा न पुसता फॉरमॅट बदलता येतो का?

सह्यकडा
फॅट३२ जवळपास सगळीकडे चालते हे खरे, पण तुमच्या कामाचे नाही. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. डिस्क पूर्ण रिकामी असली तरी ती ११ जीबीची फाइल 'फार मोठी आहे' म्हणून नाकारली जाईल.

तुम्हाला हवा एक्सफॅट. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वाचता-लिहिता येतो, मॅकवर तर २०१० पासून. लिनक्सच्या ५.४ आणि पुढच्या कर्नलमध्येही (सिस्टिमच्या गाभ्यात) ड्रायव्हर आतच असतो. एनटीएफएस मॅकवर फक्त वाचता येते, म्हणून तुमचे अडते आहे. डिस्कमध्ये बिघाड नाही.

डेटा ठेवून एनटीएफएसचे एक्सफॅट करता येत नाही. विंडोजची कन्व्हर्ट कमांड फॅटचे एनटीएफएस करते, उलटे नाही. म्हणजे ८५० जीबी आधी दुसरीकडे हलवावे लागणार. यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर अडीच तासांच्या आत होते, यूएसबी २ च्या पोर्टवर सात-आठ तास धरा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळवा. मोठ्या फाइली उघडून शेवटापर्यंत ओढून बघा. हे झाल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू नका.

मग विंडोजमध्ये 'धिस पीसी'त डिस्कवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम एक्सफॅट. अलोकेशन युनिट साइझ आपोआप येते तीच राहू द्या, एवढ्या डिस्कला १२८ केबी येते. याचा अर्थ २ केबीची फाइलसुद्धा १२८ केबी जागा अडवते. फोटो-व्हिडिओंना काही फरक पडत नाही, पण एक लाख बारक्या फाइली असलेले प्रोजेक्ट फोल्डर १२-१३ जीबी खाऊन बसते. तसले फोल्डर झिप करून ठेवा. डिस्क ठणठणीत असेल तर क्विक फॉरमॅट पुरे. तो टिक काढलात तर विंडोज पूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते आणि २ टीबीला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. जुन्या, शंका असलेल्या डिस्कला मात्र तेच करावे, कारण खराब सेक्टर तेव्हाच कळतात.

तारांगण
वरच्या उत्तरात एक भर. फॉरमॅट करण्याआधी पार्टिशन स्टाइल, म्हणजे डिस्कच्या भागांची (पार्टिशनांची) नोंद ठेवायची पद्धत बघून घ्या. ती जुनी एमबीआर किंवा नवी जीपीटी असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये खाली 'डिस्क १' लिहिलेल्या चौकोनावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. तिथे एमबीआर असेल तर काही बदलू नका. बऱ्याच टीव्हींना जीपीटी डिस्क ओळखता येत नाही. एमबीआरची मर्यादा २ टीबीचीच असली तरी ती दोनच्या घातांकातली, म्हणजे २,१९९ अब्ज बाइट्स. तुमची डिस्क २,००० अब्ज बाइट्सची, विंडोजला १,८६३ जीबी दिसणारी, त्यामुळे आरामात बसते. ४ टीबीची असती तर हा मार्ग बंद होता.

मॅकवरून फॉरमॅट करणार असाल तर डिस्क युटिलिटीत आधी व्ह्यू मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा आणि डावीकडे सगळ्यात वरचे, डिस्कचे नाव धरा. तरच 'स्कीम' हा पर्याय दिसतो. तिथे मास्टर बूट रेकॉर्ड (एमबीआर) निवडा. गुइड (म्हणजे जीपीटी) निवडलेत तर मॅक सुरुवातीला २०० एमबीचे लपलेले पार्टिशन बनवतो आणि काही टीव्ही तेवढेच बघून 'डिस्क रिकामी' म्हणतात.

आणि डिस्क पुसण्याआधी एक १६ जीबीचा पेन ड्राइव्ह एक्सफॅट करा, त्यावर एक व्हिडिओ टाका आणि चारही ठिकाणी लावून बघा. दहा मिनिटांचे काम आहे.

घाटमाथा
सर्वांचे आभार. डिस्क एमबीआरच आहे. पेन ड्राइव्ह लॅपटॉप, मॅक, फोन तिन्हीकडे चालला. टीव्ही मात्र 'डिव्हाइस सपोर्टेड नाही' म्हणतो. मॅन्युअलमध्ये फक्त फॅट३२ आणि एनटीएफएस लिहिले आहे. आता?

नदीकाठ
दोन पार्टिशन करा. पहिले ५०० जीबी एनटीएफएस, टीव्हीसाठी. उरलेले एक्सफॅट.

सह्यकडा
होईल, पण मी तसे सुचवणार नाही. वाटणी एकदा केली की ५०० जीबी भरल्यावर शेजारी हजार जीबी मोकळे असूनही टीव्हीच्या भागात काही टाकता येत नाही. उद्या घरात आयपॅड आला तर त्याला एकच डेटा पार्टिशन असलेली डिस्क लागते. शिवाय फोन दोन्ही भाग दाखवेलच याची खात्री नाही.

घाटमाथा, तुम्हाला लिहायचे कुठे आहे ते बघा. लॅपटॉप, मॅक आणि फोन. टीव्ही नुसता वाचणार. मग त्याच्यासाठी अख्खी डिस्क कशाला बांधून ठेवायची? डिस्क एक्सफॅट करा आणि टीव्हीला १२८ जीबीचा वेगळा पेन ड्राइव्ह एनटीएफएस करून द्या, बघायचे ते त्यावर टाकायचे. टीव्हीला फर्मवेअर अपडेट आला असेल तर तो आधी करून बघायला हरकत नाही.

उलट मॅकवर क्वचितच लिहायचे असेल आणि टीव्ही रोज लागत असेल, तर डिस्क एनटीएफएसच राहू द्या आणि मॅकवर पॅरागॉन किंवा टक्सेराचा विकतचा ड्रायव्हर घाला. ड्रायव्हर कर्नल एक्स्टेन्शनच्या प्रकारचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात शिरणारा असेल तर ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर रिकव्हरीत जाऊन सुरक्षेची पातळी कमी करावी लागते, ते आधी वाचून घ्या. यात फोनचा प्रश्न उरतोच, एनटीएफएस सगळे फोन घेत नाहीत.

तारांगण
पेन ड्राइव्हचा मार्ग मलाही पटतो. त्याचा आणखी एक फायदा आहे. टीव्हीच्या साध्या यूएसबी २ पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात आणि फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागतात. मग डिस्क टिकटिक करत पुन्हा पुन्हा सुरू होते. फोनच्या ओटीजीवरही हेच होऊ शकते. तसे झाले तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा, टिकटिक चालू ठेवून कॉपी करू नका.

एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही नसते, हे फार महत्त्वाचे. लिहिणे चालू असताना केबल निघाली तर एनटीएफएस बहुतेक वेळा स्वतःला सावरते, एक्सफॅटमध्ये फोल्डरच्या फोल्डर गायब होऊ शकते. चारही ठिकाणी इजेक्ट करूनच काढा, फोनवरसुद्धा. लग्नाच्या व्हिडिओची दुसरी प्रत लॅपटॉपवर किंवा वेगळ्या डिस्कवर कायम हवी.

घाटमाथा
असेच करतो. मॅकवर वापरलेल्या पेन ड्राइव्हवर विंडोजमध्ये ठिपका आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या बारक्या फाइली दिसतात. व्हायरस आहे का?

सह्यकडा
नाही. मॅक आपली जास्तीची माहिती एक्सफॅटवर अशी वेगळ्या फाइलीत ठेवतो. फोटो किंवा व्हिडिओच्या जोडीची असेल तर ती पुसल्याने मूळ फाइलीला काही होत नाही. मॅकच्या टर्मिनलमध्ये डॉट अंडरस्कोर क्लीन, म्हणजे 'डॉट_क्लीन' ही कमांड, पुढे वजा एम आणि डिस्कचा पत्ता दिला की साफ होतात.

आणि कधी इजेक्ट न करता डिस्क निघाली आणि नंतर मॅकवर दिसेनाशी झाली, तर लगेच उपटू नका. मॅक मागे तपासणी करत असतो, भरलेल्या २ टीबीला बराच वेळ लागतो. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'एफएससीके_एक्सफॅट' चालू दिसेल. ती संपली की डिस्क आपोआप येते. न आल्यास विंडोजला लावून चेकडिस्क, स्लॅश एफ लावून, एकदा चालवा.