'डॅम'मध्ये उड्या मारणारी पोरं: धरण, शेततळं की बोडी?

कातरवेळ: एका ऑस्ट्रेलियन कथेचं भाषांतर करतेय. दोघं भावंडं शाळेतून आली की दप्तर फेकून 'डॅम'मध्ये उड्या मारतात. मी सरळ 'धरण' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, कोयनेत का? तिकडे म्हणे शेतकऱ्याने आपल्याच रानात मातीचा बांध घालून गुरामेंढरांसाठी पाणी अडवलं की ते डॅम, आणि शब्द भिंतीपेक्षा पाण्यालाच जास्त वापरतात. काय लिहू?

रानभूल: शेततळं. विषय संपला.

दगडफूल: नाही संपला. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' या सरकारी योजनेपासून शेततळं म्हटलं की प्लास्टिकचा कागदच दिसतो डोळ्यांसमोर. त्यात उडी मारली तर बाहेर येणं मुश्कील, कागद निसरडा असतो. पोरं मरायचीत तुमची.

धानकरी: आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे याला बोडी म्हणतात, आणि मातीच्या बांधाला पाळ. मालगुजारी तलावही, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेले, मुळात खाजगीच, पण १९५० च्या जमीनदारी संपवणाऱ्या कायद्यानंतर ते सरकारकडे गेले, शेतातल्या बोड्या शेतकऱ्यांकडे राहिल्या. धानाला पाणी, म्हशी, मासे, सगळं त्यातच. मामाच्या बोडीची पाळ एकदा खेकड्याने पोखरली, बोटाएवढी धार लागली. मामा म्हणे पाणी निवळ असतं तर सकाळी बघितलं असतं, गढूळ आलं म्हणजे पाळच वाहून चालली. कंदील घेऊन रात्रभर तणीस (धानाचा पेंढा) अन् चिखल कोंबत होतो.

भाषाभिमानी: डॅम ठेवणं हा निव्वळ आळस. 'मृद्जलाशय' म्हणा, अर्थ स्पष्ट होतो.

रानभूल: "आई, मी मृद्जलाशयात डुंबायला जातो." 😂

दगडफूल: मला तर धरणच चालेल. 'धरण ऐंशी टक्के भरलं' म्हणतो तेव्हा काय भिंत भरते? आपणही पाण्यालाच धरण म्हणतो की. अडचण आकाराची आहे, 'घरचं धरण' करा.

शब्दवेडा: बोडी बुडण्यावरूनच आला असणार. जिथे म्हशी बुडतात ती बोडी.

दगडफूल: मग बोडकं डोकंही बुडण्यावरून का? कानाला सारखं वाटलं की व्युत्पत्ती झाली तुमची.

परदेशस्थ: बहिणीच्या सासरी तिकडे मेंढ्यांचं फार्म आहे, जाऊन आलोय. पाणी चहासारखं तपकिरी, काठ खुरांनी तुडवलेला, पायाला गार लिबलिबीत चिखल. सपाट रानात चारी बाजूंनी मातीचा कठडा करून पंपाने पाणी भरतात, त्याला टर्की नेस्ट म्हणतात. याचंही भाषांतर करा आता! पोरं दोऱ्याला मटणाचा तुकडा बांधून यॅबी पकडतात, झिंगा मोठा झाल्यासारखा दिसतो तो.

कातरवेळ: बोडी शब्द फार आवडला, पण दोन पानांनंतर कांगारू येतो हो. बोडीवर कांगारू कसा आणू?

धानकरी: येऊ द्या, पाणीच प्यायला येतोय ना. @परदेशस्थ, ते यॅबी पाळ पोखरतात का?

परदेशस्थ: पोखरतात की. मेहुण्याची तीच बोंब असते.

धानकरी: म्हणजे आमचा खेकडाच तो. तणीस कोंबा म्हणावं.